प्रश्न वाचकांचे: नॅनो आंदोलक, चुंबकी थेंब आणि स्कर्मिऑन

गेल्या अंकात या सदरात नॅनो आकाराच्या स्पिनट्रॉनिक (इलेक्ट्रॉनाच्या भाराबरोबर त्याचा स्पिनही वापरणाऱ्या) आंदोलकांविषयी एक टिपण आले होते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या रुंदीच्या चुंबकी थरातून साधा एकदिश प्रवाह सोडला तर तो थर स्वतःहून सूक्ष्मतरंग निर्माण करू लागतो, आणि त्या थरात स्कर्मिऑनसारखी (मध्यभागी चुंबकन उलटे असलेली, पिळलेली लहान गोल) चुंबकी रचना बसवता आली तर अशा आंदोलकाचे गुण बदलता येतील अशी संशोधकांना आशा आहे, एवढेच त्यात सांगितले होते. टिपण लहान होते आणि प्रश्न बरेच आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आम्हाला अभ्यासक्रमात आंदोलक शिकवला जातो तो वेटोळे आणि धारित्र यांच्या मंडलाचा. आपल्या टिपणातील आंदोलकात यांपैकी काहीच नाही. मग एकदिश प्रवाहातून प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो तरी कसा? (पदवीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: वेटोळे आणि धारित्र यांच्या मंडलात ऊर्जा चुंबकी क्षेत्रातून विद्युत क्षेत्रात आणि तेथून परत अशी ये-जा करते. स्पिनट्रॉनिक आंदोलकात असे दोन वेगळे साठे नसतात; तेथे एका पातळ थराच्या चुंबकनाची दिशाच गोल फिरत राहते. चुंबकन हे मुळात इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे येते आणि स्पिन म्हणजे कोनीय संवेग. त्यामुळे चुंबकनाची दिशा बाह्य चुंबकी क्षेत्राशी कोन करून असली, तर ती सरळ क्षेत्राच्या दिशेला वळत नाही. कललेल्या भोवऱ्याचा आस जसा उभ्या रेषेभोवती फिरतो तशी ती क्षेत्राभोवती फिरू लागते. या गतीला परांचन म्हणतात. एक टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे परांचन सेकंदाला सुमारे २८ अब्ज वेळा होते, म्हणजेच वारंवारता २८ गिगाहर्ट्झ असते. सूक्ष्मतरंगांचा पल्ला आपल्याला आयता मिळतो तो या एका आकड्यामुळे.

मात्र ही गती आपोआप टिकत नाही. लांदाऊ आणि लिफ्शित्झ यांनी १९३५ साली चुंबकनाच्या गतीचे जे समीकरण मांडले, त्यात अवमंदनाचे, म्हणजे गती हळूहळू मंदावण्याचे, एक पद आहे, आणि पुढे गिल्बर्ट यांनी त्याला आज वापरात असलेले रूप दिले. या अवमंदनामुळे काही नॅनोसेकंदांत परांचन थांबते आणि चुंबकन क्षेत्राच्या दिशेला स्थिर होते. ते चालू ठेवायचे तर कोणीतरी सतत उलट दिशेने पीळ दिला पाहिजे. हा पीळ विद्युत प्रवाहाकडूनच मिळू शकतो, असे १९९६ साली आयबीएममधील जॉन स्लोन्चेव्स्की आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील ल्यूक बर्जर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले.

त्यांची कल्पना अशी आहे. दोन चुंबकी थर घ्यावेत आणि त्यांच्यामध्ये तांब्याचा पातळ थर ठेवावा. पहिल्या थराचे चुंबकन पक्के बांधलेले असावे, दुसऱ्याचे मोकळे. पहिल्या थरातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन बहुतांशी एका दिशेला वळलेले असतात. ते मोकळ्या थरात शिरले की त्यांच्या स्पिनचा जो घटक तेथील चुंबकनाला लंब असतो तो तो थर शोषून घेतो. कोनीय संवेग नाहीसा होऊ शकत नाही, म्हणून तो पिळाच्या रूपाने मोकळ्या थराच्या चुंबकनावर येतो. प्रवाहाची दिशा योग्य असेल तर हा पीळ अवमंदनाच्या नेमका विरुद्ध लागतो. प्रवाह वाढवत नेला की एका मर्यादेला दोघांची बरोबरी होते आणि परांचन अखंड चालू राहते.

आता उरला विजेचा भाग. दोन थरांच्या चुंबकनांमधील कोन बदलला की त्या जोडीचा विद्युत रोध बदलतो. हा महाचुंबकरोध १९८८ साली आल्बेर फेर आणि पेटर ग्र्यूनबेर्ग यांच्या गटांनी शोधला आणि त्याबद्दल त्या दोघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोकळ्या थराचे चुंबकन फिरते, म्हणून रोध वरखाली होतो, आणि स्थिर प्रवाह अशा वरखाली होणाऱ्या रोधातून गेला की त्याच्या टोकांना प्रत्यावर्ती विभवांतर मिळते. कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २००३ साली कोबाल्ट आणि तांबे यांच्या नॅनोस्तंभात ही सूक्ष्मतरंगे प्रत्यक्ष मोजून दाखवली.

यासाठी प्रवाहाची घनता दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी अँपिअर किंवा त्याहून अधिक लागते. घरातील तारेत असा प्रवाह कल्पनेपलीकडचा आहे. परंतु प्रवाह थरात जेथून शिरतो त्या संपर्काचा (नॅनोसंपर्काचा) व्यास १०० नॅनोमीटर असेल तर तेवढ्या घनतेसाठी एक ते काही मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. हे आंदोलक नॅनो आकाराचे असतात ते हौसेखातर नव्हे, त्याहून मोठे केले तर ते चालणारच नाहीत म्हणून.

प्रश्न: मी १९८०च्या सुमारास संगणक विभागात काम केले आहे. तेव्हा 'बबल मेमरी'चा मोठा गाजावाजा होता आणि मग ती दिसेनाशी झाली. स्कर्मिऑन म्हणजे तेच जुने चुंबकी बुडबुडे नवे नाव घेऊन आले आहेत काय? (निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर: आपली शंका रास्त आहे आणि ती केवळ आपलीच नाही. बेल प्रयोगशाळेत अँड्र्यू बोबेक यांच्या पुढाकाराने बुडबुड्यांची स्मृती विकसित झाली, १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आली, आणि हार्ड डिस्क व अर्धवाहक स्मृती स्वस्त होत गेल्यावर काही वर्षांतच मागे पडली. ते बुडबुडे गार्नेटच्या पातळ पापुद्र्यात असत. सभोवतालचे चुंबकन वर, तर बुडबुड्यातील चुंबकन खाली. त्यांचा आकार मायक्रोमीटरच्या घरातला होता आणि बाह्य क्षेत्र व पापुद्र्याचे स्वतःचे चुंबकी क्षेत्र यांच्या तोलावर ते टिकून असत.

स्कर्मिऑनमध्येही मधले चुंबकन उलटे असते. फरक मुख्यतः दोन बाबतींत आहे. स्कर्मिऑनच्या स्पिनांचे आवश्यक ते वळण बहुधा झ्यालोशिन्स्की आणि मोरिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरक्रियेतून येते. ही आंतरक्रिया शेजारच्या दोन अणूंच्या स्पिनना समांतर राहू देत नाही, त्यांना एकमेकांशी ठरावीक कोन करायला लावते, आणि कोणत्या हाताने वळायचे हेही तीच ठरवते. ती असायची तर स्फटिकाच्या रचनेत किंवा दोन थरांच्या सीमेवर आरशातील सममिती मोडलेली असावी लागते. म्हणून कोबाल्टचा पातळ थर प्लॅटिनमसारख्या जड धातूवर बसवतात. दुसरा फरक आकाराचा. मँगनीज सिलिसाइडमधील स्कर्मिऑन एकमेकांपासून सुमारे १८ नॅनोमीटर अंतरावर असतात, आणि इरिडियमवरील लोखंडाच्या एका अणुथरात तर ते अंतर जेमतेम एक नॅनोमीटर आहे.

संस्थितीच्या, म्हणजे रचना न तोडता वाकवली-ताणली तरी न बदलणाऱ्या गुणांच्या, दृष्टीने पाहिले तर आपल्या काळातील पुष्कळ बुडबुडे स्कर्मिऑनच होते, असे म्हणायला हरकत नाही. १९७३ साली बेल प्रयोगशाळेतील थील यांनी बुडबुड्यांसारख्या रचनांच्या गतीसाठी जे समीकरण काढले, तेच आजही स्कर्मिऑनच्या गतीसाठी वापरले जाते. तेव्हाची मेहनत वाया गेली नाही, एवढे नक्की सांगता येते. स्मृती म्हणून स्कर्मिऑनला बाजारात बुडबुड्यांपेक्षा बरे दिवस येतील काय, याबद्दल मात्र प्रस्तुत लेखकाला फारशी खात्री नाही. स्मृतीपेक्षा आंदोलक हाच त्यांचा अधिक साजेसा उपयोग ठरेल असे वाटते, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न: टिपणात 'स्कर्मिऑनसारखी रचना' असे मोघम शब्द होते. 'सारखी' म्हणजे नेमके काय? चुंबकी थेंब आणि स्कर्मिऑन हे एकच की वेगळे? (भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर: या विषयातील बहुतेक गोंधळ याच एका शब्दात दडलेला असल्यामुळे या प्रश्नाला थोडी अधिक जागा देतो.

एक पातळ पापुद्रा डोळ्यांसमोर आणावा, ज्याचे चुंबकन पृष्ठभागाला लंब, वरच्या दिशेला आहे. त्यात एक लहान गोल भाग असा की त्याच्या मध्यभागी चुंबकन खाली वळले आहे. मध्यापासून कडेकडे जाताना ते खालून वर यायला हवे, म्हणजे वाटेत कोठेतरी ते पापुद्र्याच्या प्रतलात आडवे असणारच. या आडव्या स्पिनांचे एक वर्तुळ तयार होते. आता त्या वर्तुळावरून एक पूर्ण फेरी मारावी आणि प्रत्येक ठिकाणी स्पिन कोणीकडे पाहतो ते टिपावे. सगळे स्पिन एकाच दिशेला, समजा सगळेच पूर्वेला, पाहत असतील तर ती रचना चुंबकी थेंब होय. आपण फेरी मारताना स्पिनही एक पूर्ण फेरी मारत असेल, म्हणजे पूर्वेकडील टोकाला पूर्वेकडे, उत्तरेकडील टोकाला उत्तरेकडे असा बाहेर पाहत असेल, किंवा सर्वत्र वर्तुळाच्या स्पर्शरेषेला धरून असेल, तर तो स्कर्मिऑन. पहिल्या रचनेची स्कर्मिऑन-संख्या शून्य, दुसरीची एक. ही संख्या पूर्णांकच असते. ती अर्धी किंवा पाऊण असू शकत नाही. म्हणून चुंबकन अखंडपणे थोडे थोडे वळवत थेंबाचा स्कर्मिऑन करता येत नाही, वाटेत कोठेतरी झेप घ्यावी लागते.

थेंब स्वतःच्या बळावर टिकत नाही. त्याच्या परिघावरील सगळे स्पिन एका तालात परांचन करत राहतात तोवरच तो असतो. प्रवाह बंद केला की अवमंदन त्याला गिळून टाकते. अशा थेंबाची कल्पना इव्हानोव्ह आणि कोसेविच यांनी १९७७ साली मांडली, पण त्यांच्या गणितात अवमंदन नव्हते. स्पिनच्या पिळाने अवमंदन भरून काढले तर नॅनोसंपर्काखाली खराखुरा थेंब उभा राहील, हे होफर, सिल्वा आणि केलर यांनी २०१० साली गणिताने दाखवले, आणि योहान ओकरमन यांच्या स्वीडनमधील गटाने २०१३ साली कोबाल्ट-निकेलच्या बहुथरात तो प्रयोगाने मिळवला. थेंब जन्मला की आंदोलकाची वारंवारता एकदम कित्येक गिगाहर्ट्झने खाली उतरते आणि मिळणारी शक्ती वाढते; ही त्याची ओळखीची खूण.

स्थिर स्कर्मिऑन याच्या अगदी उलट आहे. झ्यालोशिन्स्की-मोरिया आंतरक्रिया पुरेशी असेल तर तो प्रवाहाशिवायही टिकतो, पण मग त्याच्यात हालचाल नसते.

या दोहोंच्या मधली तिसरी अवस्था २०१५ साली पुढे आली, तिला गतिज स्कर्मिऑन म्हणतात. त्याची स्कर्मिऑन-संख्या एक असते, आणि तरी थेंबाप्रमाणे त्याच्या परिघावरील स्पिन सतत परांचन करत असतात. त्यामुळे तो क्षणभर सगळे स्पिन बाहेर पाहणारा, मग सगळे स्पर्शरेषेवर, मग सगळे आत पाहणारे, मग उलट्या स्पर्शरेषेवर अशा अवस्थांतून फिरतो. 'स्कर्मिऑनसारखी रचना' हा मोघम शब्द थेंब, गतिज स्कर्मिऑन आणि स्थिर स्कर्मिऑन या सगळ्यांना एका पिशवीत घालतो, आणि संशोधनाच्या बातम्यांमध्ये ती पिशवी उघडून दाखवण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही, कारण मंडलाच्या टोकाला मिळणारा संकेत त्यावर अवलंबून असतो. थेंबाच्या परिघावरील सगळे स्पिन एकाच दिशेला असल्यामुळे त्यांची बेरीज शून्य होत नाही. ती बेरीज प्रतलात गोल फिरते, आणि पक्क्या थराचे चुंबकन प्रतलात असेल, निदान काही अंशाने, तर रोध तालात वरखाली होतो. स्कर्मिऑनमध्ये समोरासमोरचे स्पिन एकमेकांना खोडून काढतात, प्रतलातील बेरीज शून्य येते, आणि परांचन कितीही जोरात चालले तरी बाहेर काहीच ऐकू येत नाही. मग संकेत मिळणार कोठून? येथे झ्यालोशिन्स्की-मोरिया आंतरक्रिया उपयोगी पडते. तिला चार अवस्थांपैकी एकच पसंत असते, समजा बाहेर पाहणारी. त्या अवस्थेत परिघाची भिंत उभी ठेवायला ऊर्जा कमी लागते आणि स्कर्मिऑन फुगतो. आत पाहणाऱ्या अवस्थेत ती अधिक लागते आणि तो आक्रसतो. प्रत्येक परांचनाबरोबर स्कर्मिऑनचा एक श्वास आत-बाहेर होतो. आकार बदलला की खाली पाहणाऱ्या चुंबकनाचे क्षेत्रफळ बदलते, आणि पक्का थर लंब दिशेला चुंबकित केलेला असेल तर हा बदल रोधातून वाचता येतो.

स्थिर स्कर्मिऑनकडूनही आंदोलन मिळवण्याचा एक वेगळा मार्ग सुचवलेला आहे. स्कर्मिऑनला ढकलले की तो सरळ जात नाही, बाजूला वळतो. हा स्कर्मिऑन हॉल परिणाम २०१७ साली प्रयोगांत दिसला. पट्टीवरून स्कर्मिऑनांची माळ धावडवून स्मृती बनवू पाहणाऱ्यांना हा परिणाम डोकेदुखीच ठरला, कारण त्यामुळे स्कर्मिऑन पट्टीच्या कडेला जाऊन आदळतात. पण पट्टीऐवजी गोल चकती घेतली तर कड त्याला आत ढकलते, बाजूचे बल त्याला वळवते, आणि तो चकतीत गोल गोल फिरत राहतो. स्मृतीपेक्षा आंदोलक हा अधिक साजेसा उपयोग वाटतो तो यामुळे.

प्रश्न: हे सगळे कोणी पाहिले आहे, की संगणकावर काढलेली चित्रेच आहेत? (वाचक, पुणे)

उत्तर: काही पाहिले आहे, काही मोजले आहे, आणि बरेचसे संगणकावरच आहे. कोणते कोणत्या खात्यात ते सांगणे आवश्यक आहे.

स्थिर स्कर्मिऑन आहेत याबद्दल शंका उरलेली नाही. बोग्दानोव्ह आणि याब्लोन्स्की यांनी १९८९ साली त्यांचे भाकीत केले. म्युनिक येथील गटाने २००९ साली मँगनीज सिलिसाइडमध्ये, २९ केल्विनच्या किंचित खाली, न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनातून त्यांची जाळी दाखवली. पुढच्याच वर्षी जपानमधील टोकुरा यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची छायाचित्रे काढली. २०१३ साली हाम्बुर्ग येथे एकेक स्कर्मिऑन सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने लिहून आणि पुसून दाखवला गेला. खोलीच्या तापमानाला धातूंच्या बहुथरांत ते २०१५-१६च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी मिळवले.

थेंबांचे पुरावे विजेच्या मोजमापांतून भरपूर आहेत, आणि क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकानेही त्यांच्याकडे पाहिले गेले आहे. पाहिल्यावर मात्र थोडे आश्चर्य वाटले: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका निरीक्षणात मधला भाग पूर्ण उलटलेला नव्हता, सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी कललेला दिसला. थेंब संपर्काखालून सरकतो, निसटतो आणि पुन्हा नव्याने जन्मतो हे माहीत असल्यामुळे, दीर्घ काळाच्या सरासरी चित्रात असे दिसणे अगदीच अनपेक्षित म्हणता येणार नाही.

गतिज स्कर्मिऑनची बाजू यापेक्षा अशक्त आहे. २०१५ साली ओकरमन यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम मुख्यतः संगणकीय प्रतिरूपण आणि गणित यांचे होते. त्याच वर्षी लिउ, लिम आणि उराझदिन यांनी प्लॅटिनमवरील कोबाल्ट-निकेलच्या आंदोलकात कमी चुंबकी क्षेत्रात संकेताच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती मिळते त्या आलेखात, मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना अचानक उपरेषा उगवताना मोजल्या. या उपरेषा म्हणजे स्कर्मिऑनच्या गाभ्याचे गोल फिरणे, असा अर्थ त्यांनी प्रतिरूपणाच्या आधारे लावला. रेषा खऱ्या, मोजलेल्या. त्यांचा अर्थ प्रतिरूपणातून आलेला. न्यायालयाच्या भाषेत हा परिस्थितीजन्य पुरावा झाला. तो भक्कम असू शकतो, पण 'स्कर्मिऑन फिरताना दिसला' असे वाक्य त्यावरून लिहिणे योग्य नाही. चकतीत फिरणाऱ्या स्कर्मिऑनच्या आंदोलकावर प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी बहुसंख्य प्रतिरूपणाचेच आहेत, आणि त्यांतील वारंवारता साधारणपणे एक गिगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून कमी येते.

प्रश्न: 'संस्थितीमुळे संरक्षित' म्हणजे स्कर्मिऑन नष्टच होऊ शकत नाही काय? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नष्ट होऊ शकतो. स्कर्मिऑन-संख्या बदलत नाही हे विधान अखंड माध्यमापुरते खरे आहे. खरा पदार्थ अणूंचा बनलेला असतो. स्कर्मिऑन इतका आक्रसला की मधला शेवटचा अणू पलटला, तर संख्या एकाची शून्य होते आणि रचना संपते. शिवाय पापुद्र्याला कड असते आणि स्कर्मिऑन कडेवरून बाहेर निघून जाऊ शकतो. संरक्षण आहे ते ऊर्जेच्या एका भिंतीएवढे, आणि त्या भिंतीची उंची पदार्थ, आकार आणि तापमान यांवर ठरते. हाम्बुर्गला ते पुसता आले ते याचमुळे.

प्रश्न: क्वार्ट्झचा स्फटिक काही रुपयांना मिळतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? (इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा व्यवसाय, सोलापूर)

उत्तर: घड्याळातील क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यापासून तसूभरही हलत नाही, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची मर्यादा. स्पिनट्रॉनिक आंदोलकाची वारंवारता प्रवाह किंवा चुंबकी क्षेत्र बदलून कित्येक गिगाहर्ट्झने सरकवता येते, आणि तीही नॅनोसेकंदांच्या हिशेबात. शिवाय तो चिपवर ट्रान्झिस्टरांच्या शेजारी बसू शकतो.

पण या गुणाची किंमत मोजावी लागते. ज्या आंदोलकाची वारंवारता सहज सरकते तो स्वतःच्या गोंगाटानेही सरकतो. परांचनाचा कोन मोठा झाला की वारंवारता बदलते. उष्णतेमुळे तो कोन सतत थोडा थोडा हलतो. म्हणून कोनातील प्रत्येक हेलकावा वारंवारतेत उतरतो. स्लाविन आणि टिबर्केविच यांनी या दुव्याचे गणित व्यवस्थित मांडले आहे. परिणामी एकट्या आंदोलकाच्या रेषेची रुंदी, म्हणजे वारंवारतेचा पसारा, बहुधा काही मेगाहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत असते आणि शक्ती नॅनोवॉट ते मायक्रोवॉटच्या घरात. चुंबकाचे आकारमान जितके लहान, तितका उष्णतेचा धक्का त्याला अधिक जाणवतो. रेषा बारीक करायची असेल तर एकाच वेळी अधिक चुंबकी द्रव्य हलवले पाहिजे. चकतीतील चुंबकी भोवऱ्याचे (ज्यात चुंबकन मध्याभोवती गोल वळलेले असते असे) आंदोलक तुलनेने स्वच्छ स्वर देतात ते यामुळे. मात्र त्यांची वारंवारता बहुधा एक गिगाहर्ट्झच्या खाली राहते. स्कर्मिऑनही असाच अनेक स्पिनांचा एकत्र हलणारा समूह असल्यामुळे तो रेषा बारीक करील ही अपेक्षा अवाजवी नाही, पण मोजमापाने ती अजून सिद्ध व्हायची आहे.

दुसरा उपाय एकीचा. अनेक आंदोलक शेजारी ठेवले तर ते स्पिन-तरंगांमार्फत एकमेकांच्या कलेशी जुळवून घेतात. दोन नॅनोसंपर्क असे जुळल्याचे २००५ साली अमेरिकेतील दोन गटांनी दाखवले. २०२० साली ओकरमन यांच्या गटाने आठ गुणिले आठ अशा जाळीतील ६४ आंदोलक एका स्वरात आणले आणि त्यांचा गुणांक, म्हणजे वारंवारता आणि रेषेची रुंदी यांचे गुणोत्तर, १,७०,०००पर्यंत पोचला. हा आकडा क्वार्ट्झच्या पंक्तीत बसण्याजोगा आहे. ते आंदोलक स्पिन-हॉल प्रकारचे (शेजारच्या जड धातूतील प्रवाहाकडून पीळ मिळणारे) होते, स्कर्मिऑनचे नव्हेत.

प्रश्न: अशा आंदोलकांनी 'मेंदूसारखा' संगणक बनवतात असे वाचले. त्यात तथ्य किती? (वाचक, पणजी)

उत्तर: प्रयोग खरा आहे. फ्रान्समधील ज्युली ग्रोलिए यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०१७ साली एकाच आंदोलकाला बोललेले अंक ओळखायला लावले आणि ९९.६ टक्के अचूकता मिळवली. त्यात चारशे न्यूरॉन होते असे म्हटले जाते, पण प्रत्यक्षात आंदोलक एकच होता. तोच वेळेच्या चारशे तुकड्यांत आळीपाळीने चारशे न्यूरॉनांचे काम करत होता. आवाजाचे पूर्वसंस्करण आणि शेवटचा निवाडा नेहमीच्या संगणकाने केला. आंदोलकाचे काम एवढेच की दिलेल्या संकेताला त्याने सरळ रेषेत नसलेला, थोडी मागची आठवण ठेवणारा प्रतिसाद द्यावा, आणि ते त्याने उत्तम केले. पुढच्या वर्षी त्याच गटाने चार जोडलेल्या आंदोलकांना बोललेले स्वर (अ, आ, इ यांसारखे) ओळखायला शिकवले. दोन्ही प्रयोगांत चुंबकी भोवऱ्याचे आंदोलक होते.

प्रश्न: बाजारात यातले काही आले आहे काय? (वाचक, ठाणे)

उत्तर: दळणवळणाच्या उपकरणांत नाही. हार्ड डिस्कच्या लेखनशीर्षात मात्र याचा भाईबंद शिरला आहे. कार्नेगी मेलनमधील जियान-गँग झू यांनी २००८च्या सुमारास सुचवले की लिहिताना शेजारी सूक्ष्मतरंगांचा आंदोलक ठेवला तर तबकडीचे चुंबकन वळवणे सोपे जाईल. तोशिबाने २०२१ साली या घराण्यातील १८ टेराबाइटची डिस्क आणली. तिच्यात स्पिनच्या पिळाचा उपयोग चुंबकी अभिवाह लेखनस्थळी वळवण्यासाठी केलेला आहे, तबकडीवर सूक्ष्मतरंग सोडण्यासाठी नव्हे.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेची सोय नाही. या विषयात हात घालायचा असेल तर सुरुवात कोठून करावी? महाराष्ट्रात कोणी यावर काम करते काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. २००५ साली जपानमधील एका गटाने या आंदोलकाचा उलटा परिणाम दाखवला: योग्य वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह चुंबकी सुरंग-संधीतून (दोन चुंबकी थरांमध्ये अतिपातळ विद्युतरोधक थर असलेल्या रचनेतून) सोडला की टोकांना एकदिश विभवांतर मिळते, म्हणजे तीच रचना सूक्ष्मतरंगांची डायोड बनते. त्या निबंधाचे पहिले लेखक अश्विन तुळापूरकर पुढे आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक झाले. स्पिनट्रॉनिक्समध्ये पुढे शिकायचे असेल तर त्या विभागाकडे लक्ष ठेवावे.

सुरुवात प्रतिरूपणाने करावी. अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेचे ऊम्फ आणि बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे म्यूमॅक्स-३ ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पहिले साध्या संगणकावर चालते, दुसऱ्याला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. स्कर्मिऑनवर थेट उडी घेऊ नये. निस्टने प्रमाण म्हणून ठरवून दिलेली उदाहरणे आहेत; त्यांपैकी चौथे चुंबकनाच्या पलटण्याचे आणि पाचवे प्रवाहाने भोवरा हलवण्याचे आहे. ती आधी सोडवून आपली उत्तरे प्रसिद्ध उत्तरांशी ताडून पाहावीत. जाळीच्या एका चौकटीची लांबी विनिमय-लांबीपेक्षा (ज्या अंतरात शेजारचे स्पिन जवळजवळ समांतर राहतात त्यापेक्षा) लहान ठेवावी. परमॅलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूमध्ये ती विनिमय-लांबी सुमारे पाच नॅनोमीटर असते. त्यानंतर नॅनोसंपर्काखालील थेंब, मग झ्यालोशिन्स्की-मोरिया आंतरक्रिया हळूहळू वाढवत स्कर्मिऑन, असा क्रम ठेवता येईल. एक गोष्ट विसरू नये: या सॉफ्टवेअरमध्ये तापमान सांगितले नाही तर ते शून्य केल्विन धरले जाते, आणि तेथे प्रत्येक आंदोलकाचा स्वर स्वच्छच येतो. आपले चित्र मनासारखे आले की तेच प्रतिरूपण ३०० केल्विनवर, यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदलून, पुन्हा पुन्हा चालवावे, आणि रेषेची रुंदी त्यावरून काढावी.